शिकवलेलं परत घेताना

हाडावरची कातडी लालसर झाली असेल तर तिथे मालिश करू नये आणि त्या जागेखाली रबरी रिंग ठेवू नये, हे अमेरिकी सरकारच्या 1992 सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट छापलेलं आहे. मी 2004 सालापर्यंत या दोन्ही गोष्टी करायला शिकवत होते. त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते आणि चोळताना हात कमी पडला तर गुण कापत होते.

मी नर्सिंगला गेले ती साठच्या दशकाच्या शेवटी. सकाळच्या ड्यूटीत पाठीची निगा हे मोठं काम असे. रुग्णाला कुशीवर वळवायचं, पाठ साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करायची, तळहातावर स्पिरिट घ्यायचं आणि खांद्यांच्या पात्यांपासून माकडहाडापर्यंत गोल गोल चोळत जायचं. वरून पावडर. सगळ्या खाटांची पाठ झाली की वॉर्डभर स्पिरिटचा वास भरून राही आणि राउंडला आलेल्या मेट्रनबाईंना त्या वासावरून कळे की मुली कामाला लागल्या आहेत. रुग्णांना बरं वाटे. चोळल्याने रक्ताभिसरण वाढतं आणि बेडसोर टळतो, असं आम्हाला सांगितलेलं होतं. ते खोटं असेल अशी शंका घ्यायला काही कारण नव्हतं.

पुढे मी सिस्टर ट्यूटर झाले. माझ्या वह्या नीटनेटक्या होत्या, मुलींना त्या आवडत. निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका संस्थेने घरोघरी वृद्धांना सांभाळणाऱ्या बायकांसाठी वर्ग काढायचं ठरवलं. ब्यूरोमार्फत कामाला जाणाऱ्या या बायकांपैकी बहुतेकींचं शिक्षण सातवी-आठवीपर्यंत झालेलं. त्यांच्यासाठी मराठीत पुस्तिका हवी होती आणि ती मी लिहावी असं ठरलं. मी ती घरी बसून लिहिली. समोर माझ्याच जुन्या वह्या. नर्सिंग कॉलेजचं ग्रंथालय मला उघडं होतं, तिथल्या बाई ओळखीच्या होत्या, आणि मी गेले नाही. जायची गरज आहे हेच मनात आलं नाही. तीस वर्षांपूर्वी जे पाठ झालं होतं ते कायमचं खरं आहे असं मी धरून चालले होते.

डोरीन नॉर्टन हे नाव मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी 1962 साली इंग्लंडमध्ये रुग्णालयातल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बेडसोरचा धोका आधी ओळखण्यासाठी पाच गोष्टी पाहायला सांगितल्या: शरीराची एकूण स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, जागच्या जागी हालचाल करता येणं, आणि लघवी-शौचावरचा ताबा. मी ते पाच मुद्दे वर्गात घोकून घेत असे. गुणांची बेरीज चौदा किंवा कमी आली तर धोका, हेही पाठ. पण त्या सगळ्या मांडणीचा गाभा हा की माणसाच्या अंगावर एका जागी सतत पडणारा दाब कमी करायचा. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्याची कूस दुसऱ्याने बदलायची. माझ्या पुस्तिकेत कूस बदलण्यावर दोन ओळी होत्या आणि स्पिरिटच्या मालिशवर पूर्ण पान होतं.

त्या वर्गातली एक विद्यार्थिनी फार मनापासून शिकली. पस्तिशीची, दोन मुलांची आई. तिचं काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चादरीला एक सुरकुती राहू देत नसे. वर्ग संपल्यावर तिला एका आजींकडे रात्रपाळीचं काम मिळालं. आजींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. काही आठवड्यांनी त्यांच्या माकडहाडावर एक काळपट डाग दिसायला लागला. हाताला जरा गरम लागे. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘लालसर जागा दिसल्यास लगेच सांगावे.’ तिला लाल काही दिसलं नाही. आजी सावळ्या होत्या. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण काळजी म्हणून रात्रीतून दोनदा स्पिरिट लावून ती जागा नीट चोळली. खाली रबरी रिंग ठेवली. सगळं पुस्तिकेत होतं तसं. थोड्याच दिवसांत कातडी फाटली. डॉक्टरांनी जखम तपासली तेव्हा आत बोट जाईल एवढी पोकळी निघाली.

घरच्यांनी ब्यूरोकडे तक्रार केली. ब्यूरोने तिला काढून टाकलं आणि तिचं नाव इतर ब्यूरोंनाही कळवलं. ती माझ्याकडे आली. भांडायला आली नव्हती. पुस्तिका हातात होती, मालिशचं पान उघडलेलं होतं. तिने विचारलं, “बाई, माझं काय चुकलं?”

मी म्हटलं, “अगं, तू जोरात चोळलं असशील.”

वीस वर्षं होऊन गेली आणि हे वाक्य मी विसरलेले नाही. ती जागा, तो डाग, तिने काय केलं आणि किती वेळा केलं, यातलं मी काहीही विचारलं नव्हतं. चूक तिच्या हातात असणार हे मी आधीच गृहीत धरलं. पुस्तिकेत चूक असू शकते हा विचार मला सुचला नाही, कारण पुस्तिका माझी होती. ती काही बोलली नाही. पुस्तिका पिशवीत घातली आणि गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका शस्त्रक्रिया विभागात तरुण डॉक्टर जखमांवर बोलणार होते. मला ऐकायला बोलावलं होतं. त्यांनी सहज सांगितलं की दाबाखाली राहिलेल्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या, दुखावलेल्या असतात. अशा जागी चोळलं की आतल्या पेशी आणखी फाटतात, वरून काही दिसत नाही. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते. रिंगचं तर आणखी वाईट. मधली जागा अधांतरी राहते आणि कडेचा सगळा भाग दाबला जातो, म्हणजे त्या जागेकडे येणारं रक्तच अडतं. मी हात वर करून विचारलं की हे कधीपासून माहीत आहे. ते म्हणाले, “निदान दहा-बारा वर्षं तरी.”

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. 1992 ची ती मार्गदर्शिका तिथे होती. मालिशविषयीचं वाक्य होतं, रिंगविषयीचं होतं. बेडसोरचा धोका मोजायची 1987 सालची ब्रेडन यांची मोजपट्टी होती. तिच्यात ओलेपणा, आहार आणि अंथरुणात घसरताना कातडीवर पडणारा ताणही धरलेला आहे, आणि यातलं काही माझ्या पुस्तिकेत नव्हतं. जखमेच्या पहिल्या पायरीचं वर्णन मी नीट वाचलं. गोऱ्या कातडीवर ती जागा लाल दिसते आणि बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. गडद कातडीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट रंग पाहायचा, हाताला गरम किंवा गार लागतं का पाहायचं, कडक किंवा पिचपिचीत लागतं का ते चाचपायचं, दुखतं का विचारायचं. म्हणजे त्या रात्री तिला जे दिसलं आणि हाताला जे लागलं, ती धोक्याची पहिली खूण होती. तिने ती अचूक टिपली होती. माझ्या पुस्तिकेतले फोटो परदेशी पुस्तकांतून घेतले होते आणि सगळे गोऱ्या पाठींचे होते.

इथे दुसरी चूक झाली. पहिलीपेक्षा ही मला जास्त जड वाटते, कारण पहिली अज्ञानातून झाली होती. मी पुस्तिकेची पुढची आवृत्ती सुधारली, मालिशचं पान काढलं, रिंग काढली आणि गप्प राहिले. आधीच्या तुकड्यांतल्या बायकांना काही कळवलं नाही. त्यांच्या हातात जुनी पुस्तिका होती आणि त्या ती जपून वापरत होत्या, कारण त्यांच्यापैकी कितीजणींकडे छापील असं तेवढंच होतं. संस्थेतही मी सुधारणेचं कारण ‘मजकूर अद्ययावत केला’ एवढंच लिहिलं. मला माझ्या नावाची काळजी होती. सांगितलं असतं तर वर्गाची बदनामी होईल, बायकांचा विश्वास उडेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. त्या काळात अजून किती पाठी चोळल्या गेल्या असतील, ते मला आज कळायला मार्ग नाही.

शेवटी संस्थेतून जुन्या हजेरीपटातले पत्ते काढले आणि प्रत्येकीला पत्र लिहिलं. कोणतं पान चुकीचं होतं, का चुकीचं होतं, त्याऐवजी काय करायचं, आणि हे मी चुकीचं शिकवलं, अशा चार गोष्टी त्यात होत्या. काही पत्रं परत आली. त्या विद्यार्थिनीकडे मी स्वतः गेले. तिने हे काम सोडलं होतं आणि ती एका मेसमध्ये पोळ्या लाटत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, हे मला सांगून काय होणार? त्या आजींच्या घरी जाऊन सांगा.”

मी गेले. आजी तोपर्यंत वारल्या होत्या. त्यांच्या सूनबाईंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मी बोलत होते तोवर एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की मावशींचा शेवटचा पगार आम्ही दिला नव्हता. त्यांनी तो पाकिटात घालून माझ्याजवळ दिला. मी तो त्या विद्यार्थिनीला नेऊन दिला आणि तिने तो घेतला. कामावर मात्र ती परत आली नाही. तिच्यासारखा हात असलेली बाई या कामातून कायमची गेली, ती माझ्या एका पानामुळे आणि माझ्या एका वाक्यामुळे.

कातडीचं प्रकरण मोठं होतं म्हणून ते सविस्तर सांगितलं. पण एकदा शोधायला लागल्यावर पुस्तिकेत नसलेल्या गोष्टीही दिसायला लागल्या. त्यातली एक सांगायलाच हवी. एका विद्यार्थिनीचा एकदा फोन आला होता. तिच्याकडचे आजोबा कालपासून भिंतीवर माणसं आहेत म्हणत होते, रात्रभर जागे, दुपारी हाक मारली तरी गुंगीत, मध्येच अगदी नीट बोलत. मी तिला सांगितलं, “वय झालं की होतं असं, तू समजून घे.” त्यांना लघवीचा संसर्ग झाला होता. दवाखान्यात न्यायला जो उशीर झाला त्यातला काही माझ्या उत्तरामुळे झाला. ते बरे झाले आणि भिंतीवरची माणसंही गेली.

माझ्या पुस्तिकेत विस्मरणावर, म्हणजे डिमेन्शियावर, प्रकरण होतं, डिलिरियमवर एक ओळ नव्हती. या दोहोंतला फरक घरात राबणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळला पाहिजे, कारण दिवसरात्र जवळ तीच असते. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि माणसाचं लक्ष कशावर टिकत नाही. मागे बहुतेक वेळा शरीराचं काही कारण असतं: संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न सांगता येणारं दुखणं, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी. डिमेन्शिया असलेल्या माणसाला डिलिरियम जास्त सहज होतो, त्यामुळे ‘त्यांचं असंच असतं’ म्हणून तो हमखास दुर्लक्षिला जातो. आपल्याकडे साठीच्या पुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के असल्याचा देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे ही गफलत थोड्याथोडक्या घरांत होणारी नाही.

त्या आजोबांच्या अंगातलं पाणीही कमी झालं होतं. ते का, हेही मला नंतर कळलं. रात्री सारखं उठवावं लागू नये म्हणून ते स्वतःच संध्याकाळी चारनंतर पाणी प्यायचे नाहीत. सुनेला त्रास नको, मावशीला त्रास नको. आपल्या घरांतले कितीतरी म्हातारे हे करतात आणि कुणाला सांगत नाहीत. कोणत्याही परदेशी पुस्तकाच्या भाषांतरात मला ही ओळ मिळाली नसती.

नवी पुस्तिका मी एकटीने लिहिली नाही. एका ब्यूरोच्या खोलीत रविवारी दुपारी कामावरच्या बायका जमायच्या, मी मजकूर वाचायची आणि त्या मला थांबवायच्या. मी लिहिलं होतं की रुग्णाला वर सरकवताना दोन व्यक्तींनी उचलावं. एक मावशी म्हणाली, “रात्री दुसरी व्यक्ती कोण, बाई? मी एकटीच असते.” मग तिने दाखवलं. जुनी सुती साडी चौपदरी करून कमरेखाली आडवी घालायची, पेशंटला गुडघे वाकवायला लावायचे, साडीच्या दोन्ही कडा धरून अंग थोडं उचलून सरकवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलवटते. घडीची उशी पोटरीखाली घालून टाचा अधांतरी ठेवायच्या, पण गुडघ्याखाली पोकळी राहू द्यायची नाही. पूर्ण कुशीवर झोपवलं की खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो, म्हणून पाठीमागे गोधडीची वळकटी लावून थोडंसं कलतं ठेवायचं. हे तीस अंशांचं कलतेपण मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते गोधडीने कसं साधायचं हे मला माहीत नव्हतं.

दुसरी म्हणाली की दर दोन तासांनी कूस बदला असं तुम्ही लिहिता, मग आम्ही झोपायचं कधी? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. किती तासांनी कूस बदलायची हे त्या माणसाची कातडी, गादी आणि हालचाल पाहून ठरवावं, असं आता नव्या मार्गदर्शिकाही म्हणतात. चांगली गादी असेल आणि कातडी ठीक असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येतं. पण चोवीस तासांची पाळी एकाच बाईला देणाऱ्या घराला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगायचं काम पुस्तिकेने करायचं तर ती पुस्तिका घरच्यांनीही वाचायला हवी. म्हणून शेवटची काही पानं आम्ही घरच्यांसाठी लिहिली. मुलं, सुना, जावई यांना या शिक्षणातून वगळण्याची आपल्याकडे सवय आहे. सुनेला सगळं येतच असतं असं आपण धरतो. घरातल्या बाईला सासऱ्यांना भरवताना सरळ बसवायचं, घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यायचा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे कुणी शिकवलेलं नसतं. 2007 सालच्या कायद्याने आईवडिलांचं अन्न, वस्त्र, निवारा आणि उपचार ही मुलांची जबाबदारी ठरवली. ते चांगलं झालं. पण अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस कशी बदलायची हे मुलांना दाखवायची सोय अजून बहुतेक गावांत नाही.

आता मी ऐंशीच्या पुढे आहे. माझ्याकडे दिवसा एक मावशी येतात. त्या शिकलेल्या आहेत, एका चांगल्या संस्थेचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे. मी त्यांना त्यांच्या नोट्स दाखवायला सांगितलं. बहुतेक मजकूर बरा होता. कुठेही तारीख नव्हती. कधी लिहिलं, कुणी तपासलं, पुढे कधी तपासणार, काही नाही. औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते आणि आपण ती बघितल्याशिवाय गोळी घेत नाही. माणूस सांभाळायला शिकवणाऱ्या कागदावर ती नसते आणि आपण तो वर्षानुवर्षं झेरॉक्स करत राहतो.

जे हे वर्ग चालवतात त्यांना माझं सांगणं आहे की प्रत्येक पानावर साल घाला, दर दोन-तीन वर्षांनी ते कुणाकडून तरी तपासून घ्या, आणि चूक सापडली तर ज्यांना ती शिकवली त्या सगळ्यांना नावानिशी कळवा. फोटो आपल्या माणसांच्या कातडीचे घ्या. छापण्याआधी मजकूर रात्रपाळी करणाऱ्या बाईला वाचून दाखवा.

आणि ज्यांच्या घरी मावशी येतात त्यांना एवढंच. आईच्या पाठीवर उद्या डाग दिसला, जखम झाली, तर ब्यूरोला फोन लावण्याआधी मावशींना जवळ बसवा आणि त्यांना हे करायला कुणी आणि काय शिकवलं होतं, ते आधी विचारा.